श्रुतदानाचा वटवृक्ष : कर्मवीर भाऊराव पाटील

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण श्रुतपंचमी साजरी करतो. आचार्य धरसेनांनी आपल्याजवळचे आगमज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनिवरांना शिकविले आणि पुढे ते षट्खंडागमाच्या रूपाने ग्रंथबद्ध झाले, त्या घटनेची ही पावन स्मृती. कानांनी ऐकलेले ज्ञान अक्षरांत उतरले नाही तर ते काळाच्या ओघात लुप्त होईल, ही चिंता आपल्या आचार्यांना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पडली होती. त्या दिवशी आपण मंदिरातील ग्रंथ बाहेर काढतो, त्यांची पूजा करतो, त्यांना नवी वेष्टने घालतो. वेष्टनाचे कापड घेण्यासाठी श्रावकबंधू आठवडाभर आधीच दुकानात येतात, म्हणून व्यवसायाच्या निमित्तानेही हा दिवस माझ्या लक्षात राहतो. मात्र कापड मोजून देताना एक प्रश्न दरवर्षी मनात येतो. हे वेष्टन पुढच्या श्रुतपंचमीपर्यंत किती वेळा सोडले जाणार आहे?

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावयाचे ठरले, तेव्हा या प्रश्नाला ज्यांनी आपल्या आयुष्याने उत्तर दिले अशा एका जैन कुलोत्पन्न महापुरुषाचे चरित्र डोळ्यांसमोर उभे राहिले. त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत, पदव्या मिळविल्या नाहीत, मॅट्रिकची पायरीही त्यांना चढता आली नाही. परंतु ज्यांच्या सात पिढ्यांनी पाटीला हात लावला नव्हता, अशा लक्षावधी घरांत त्यांच्यामुळे अक्षर पोहोचले. ते म्हणजे कर्मवीर डॉ. भाऊराव पायगोंडा पाटील.

जन्म आणि जडणघडण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. बाहुबलीच्या यात्रेला गेलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे गाव पाहिले असेल. घराणे दिगंबर जैन, मूळचे कर्नाटकातील मूडबिद्रीकडचे. पुढे ते ऐतवडे बुद्रुक (आता जिल्हा सांगली) येथे स्थायिक झाले. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात नोकरीस होते, आई गंगाबाई अत्यंत धार्मिक वृत्तीच्या. वडिलांच्या बदल्यांमुळे दहिवडी, विटा अशा गावी बालपण गेले. दुष्काळी मुलखातील शेतकरी, त्याची सावकारापुढील लाचारी आणि गावकुसाबाहेरच्या माणसांचे हाल हे सारे त्या मुलाने डोळ्यांनी पाहिले. अस्पृश्यांना ज्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्या विहिरीचा रहाट या मुलाने संतापाने मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्याविषयी आवर्जून सांगितली जाते.

अभ्यासात मन रमणारा हा विद्यार्थी नव्हता. कुस्ती, पोहणे आणि मित्रमंडळी यांत तो अधिक रमे. मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी म्हणून वडिलांनी त्याला कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये घातले आणि राहण्याची व्यवस्था जैन बोर्डिंगमध्ये केली. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ ची. आपल्या समाजातील मुलांनी शिकावे म्हणून त्या काळातील धुरीणांनी जी वसतिगृहे उभारली, त्यांपैकी हे एक. आज आपण ज्याला समाजकार्य म्हणतो, त्याची ही सुरुवात होती आणि त्याबद्दल त्या पिढीचे ऋण मान्यच केले पाहिजे.

बोर्डिंगमधील प्रसंग

परंतु याच बोर्डिंगमध्ये जे घडले ते सांगितल्याशिवाय भाऊरावांचे चरित्र पूर्ण होत नाही, आणि आपल्या समाजाच्या स्मरणिकेत तर ते सांगितलेच पाहिजे.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ साली सुरू केले. त्या समारंभाला भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे आणि मगच भोजनगृहात यावे, असा बोर्डिंगचा आग्रह होता. भाऊरावांनी त्यास नकार दिला. माणसाच्या सहवासाने माणूस विटाळतो, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. बोर्डिंगचा कारभार त्यावेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्या देखरेखीखाली होता. लठ्ठे हे विद्वान, सुधारणावादी आणि समाजाविषयी तळमळ असलेले गृहस्थ. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. अशा माणसालाही त्या दिवशी नियमाची बाजू घ्यावी लागली आणि भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले.

आज आपण मोठ्या अभिमानाने कर्मवीर आपल्या समाजाचे होते असे सांगतो. तो अभिमान रास्तच आहे. पण ज्या वयात त्यांना आपल्या छपराची गरज होती, त्या वयात ते छपर आपण काढून घेतले, हेही तितकेच खरे. भगवान महावीरांच्या समवसरणात पशुपक्ष्यांनाही स्थान होते, असे आपण प्रवचनात ऐकतो. ते ऐकणे आणि आचरणे यांत केवढे अंतर पडते, ते या एका प्रसंगावरून ध्यानात येते.

बोर्डिंग सुटल्यावर शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. महाराजांच्या सहवासात त्यांनी बहुजनांच्या शिक्षणासाठी चाललेली धडपड जवळून पाहिली. शाळेच्या परीक्षेत मात्र यश आले नाही. शिक्षण अर्धवट टाकून ते घरी परतले. पुढे सातशेच्या वर शाखा असलेली शिक्षणसंस्था ज्यांच्या नावाने ओळखली जाणार होती, त्यांची औपचारिक विद्या इथेच संपली.

सत्याची कसोटी

याच सुमारास कुंभोजच्या पाटील घराण्यातील आदाक्का यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई म्हणून ओळखल्या गेल्या. संसार सुरू झाला, पण हातात स्थिर उत्पन्न नव्हते. साताऱ्यात भाऊरावांनी मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या. फी महिना एक रुपया, म्हणून लोक त्यांना एक रुपयाचे मास्तर म्हणू लागले. सन १९१० मध्ये सांगलीजवळच्या दुधगाव येथे मित्रांच्या साहाय्याने सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढण्याचा प्रयोगही त्यांनी केला. पुढील कार्याचे बीज तेथे पडले.

सन १९१४ मध्ये त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्तीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतविण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांना अटक झाली, अतोनात छळ झाला. छळ असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला; पण खोटी साक्ष दिली नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या लठ्ठ्यांच्या कारकिर्दीत बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागले, त्यांच्याचविरुद्ध बोलावयाचे होते. सूड घेण्याची संधी चालून आली होती, आणि ती घेतली असती तर तुरुंगातून सुटकाही झाली असती. भाऊरावांनी तसे केले नाही. सत्य आणि क्षमा ही तत्त्वे आपण दशलक्षण पर्वात दरवर्षी ऐकतो. ज्याला धर्माच्या नियमाखाली घराबाहेर काढले होते, त्याने तुरुंगात ती आचरून दाखविली. पुढे त्यांची सुटका झाली आणि त्यांचे नाव त्या भागात आदराने घेतले जाऊ लागले.

नांगराचा विक्रेता

त्यानंतरची काही वर्षे भाऊरावांनी व्यापारात काढली. आपल्यासारख्या व्यापारी वाचकांना त्यांच्या चरित्रातील हा भाग विशेष जवळचा वाटावा. ओगल्यांच्या काचकारखान्याच्या मालाची आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची विक्री करीत ते गावोगाव हिंडले. पुढे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. लाकडी नांगर पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्या शेतकऱ्याला लोखंडी नांगराचे महत्त्व पटविणे सोपे नव्हते. त्यासाठी त्याच्या बांधावर जावे लागे, त्याची भाषा बोलावी लागे, आणि बोलण्याआधी त्याचे ऐकून घ्यावे लागे.

चांगला विक्रेता आधी ऐकतो आणि मग बोलतो, हे आपल्या पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भाऊरावांनी या फिरतीत जे ऐकले ते नांगरापुरते नव्हते. पीक येते पण कर्जाचा हिशेब कळत नाही, सरकारी कागद आला तर तो वाचून घेण्यासाठी दुसऱ्या गावी जावे लागते, सावकार जे लिहील ते खरे मानावे लागते, हे त्यांनी घराघरांतून ऐकले. लोखंडी नांगराने जमीन खोलवर नांगरता येईल, पण मनाची पडीक जमीन नांगरण्यासाठी अक्षरच हवे, ही जाणीव येथे पक्की झाली. विक्रीच्या धंद्यात त्यांचा चांगला जम बसला होता. तो सोडून ते शिक्षणाकडे वळले.

काले येथील संकल्प

सन १९१९. कऱ्हाडजवळील काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली. महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचे कार्यकर्ते तेथे जमले होते. रयतेच्या मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढावी असा विचार भाऊरावांनी मांडला आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. त्यावेळी देशातील परिस्थिती काय होती? सन १९२१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरतेचे प्रमाण जेमतेम ७ टक्के होते. म्हणजे शंभरातील त्र्याण्णव माणसे आपले नावही वाचू शकत नव्हती. आपल्या मराठवाड्यावर तेव्हा निजामाची राजवट होती आणि मराठी मुलांना मातृभाषेतून वरचे शिक्षण मिळणे दुरापास्त होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. आपल्या शहरात १९१५ साली सुरू झालेल्या सरस्वती भुवनसारख्या संस्थांनी मराठीची ज्योत जपली, म्हणून आपल्या वाडवडिलांना चार अक्षरे शिकता आली.

भाऊरावांनी १९२४ साली संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास हलविले. तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सारी मुले एका पंक्तीत जेवू लागली. हे त्या काळी किती धाडसाचे होते, हे आजच्या पिढीला सांगूनही खरे वाटणार नाही. सन १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. एका जैन बोर्डिंगने सोवळ्याच्या नियमापायी ज्या मुलास बाहेर काढले होते, त्यानेच सोवळे नसलेले बोर्डिंग उभे केले होते.

रयतमाउली लक्ष्मीबाई

या कार्यात लक्ष्मीबाईंचा वाटा भाऊरावांच्या बरोबरीचा आहे. सुखवस्तू घरातील, आचारविचार कटाक्षाने पाळणाऱ्या कुटुंबात वाढलेली ही श्राविका. सूर्यास्तापूर्वी भोजन, पाणी गाळून पिणे, स्वयंपाकघराची शुद्धता हे संस्कार जिच्या रक्तात, तिच्या चुलीभोवती अठरापगड जातींची मुले येऊन बसली. तिला हे सारे पहिल्या दिवशीच पटले असेल असे मानण्याचे कारण नाही. परंतु भुकेल्या मुलाकडे पाहिल्यावर तिच्यातील आईने बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले. त्यांची आजारपणे तिने काढली, त्यांच्या अंथरुणापांघरुणाची काळजी वाहिली.

एके दिवशी भाऊराव फिरतीवर होते आणि वसतिगृहातील धान्य संपले. मुले उपाशी राहणार अशी वेळ आली. अंगावरचे दागिने तर पूर्वीच संपले होते. लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले आणि त्या पैशातून धान्य आणविले. सन १९३० मध्ये, संस्थेचे वैभवाचे दिवस पाहण्याआधीच, त्यांनी देह ठेवला.

आपल्या शास्त्रात आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. साताऱ्याच्या त्या वसतिगृहात चारही दाने एकाच छपराखाली चालत होती. उपाशी मुलाला अन्न मिळत होते, आजाऱ्याची शुश्रूषा होत होती, अक्षरओळख होत होती. आणि जातीमुळे जन्मभर दबून राहिलेल्या मुलाला मान वर करून बसता येत होते, हे अभयदान.

अक्षराचे मोल

साक्षरता म्हणजे सही करता येणे एवढाच अर्थ आपण अनेकदा घेतो. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. पाठ समजून वाचणे, शंका विचारणे, मनात घोळविणे, शुद्ध उच्चाराने पुन्हा पुन्हा म्हणणे आणि शेवटी दुसऱ्याला सांगता येणे. वाचणे, ऐकणे, बोलणे यांचा इतका नेमका क्रम शिक्षणशास्त्राच्या आधुनिक पुस्तकांनीही याहून वेगळा सांगितला नसेल. भाऊरावांच्या कार्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याची खोली कळते.

शाळा काढून भागत नाही, शिक्षक लागतो, हे त्यांनी लवकर ओळखले. शहरात शिकलेला शिक्षक खेड्यात टिकत नाही, आणि टिकला तरी त्याची भाषा मुलांना परकी वाटते. खेड्यातलाच मुलगा शिकून शिक्षक झाला तर तो मुलांचे बोलणे समजून घेईल आणि त्यांच्या बोलीतून त्यांना पुस्तकाच्या भाषेकडे नेईल. यासाठी १९३५ साली त्यांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज हे शिक्षकांना तयार करणारे विद्यालय सुरू केले. पुढे त्यास महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले.

त्यानंतरच्या काळात ज्या खेड्यांत सरकारी शाळा नव्हती, तेथे व्हॉलंटरी शाळा काढण्याचा धडाका त्यांनी लावला. डोंगरकपारीतील वाड्यावस्त्या, जिथे बैलगाडीही जात नाही, अशा ठिकाणी एकेका शिक्षकाच्या या शाळा उभ्या राहिल्या. इमारत नसली तर देऊळ, चावडी किंवा एखाद्याच्या घराची ओसरी. अशा शेकडो शाळा संस्थेने चालविल्या आणि कालांतराने त्या जिल्हा स्कूल बोर्डाच्या हवाली केल्या. आपण उभे केलेले स्वतःच्या नावावर न ठेवता दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, हा अपरिग्रहाचाच एक प्रकार म्हटला पाहिजे.

भाऊराव स्वतः लेखक नव्हते, पण वक्ते होते. घोंगडी, हाती काठी, अंगात खादी, पांढरीशुभ्र लांब दाढी अशा वेशात ते सभेत उभे राहिले म्हणजे पल्लेदार शब्द न वापरता, शेतीभातीतले दाखले देत, खेडुतांच्याच बोलीत बोलत. कीर्तन आणि पोवाडे ऐकून ज्यांचे कान तयार झाले होते, त्या निरक्षर समाजाची ऐकण्याची शक्ती मोठी आहे, हे त्यांना ठाऊक होते. कानाने जे शहाणपण आले आहे त्याला डोळ्याची आणि हाताची जोड द्यावयाची, एवढेच काम बाकी आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. धरसेनाचार्यांच्या गुहेत जे घडले त्याहून हे निराळे काय आहे?

अक्षराचे मोल मला पुस्तकातून कळले नाही. साधारण पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे वडील दुकान पाहत. जवळच्या खेड्यातील एक वृद्ध शेतकरी आमचे जुने गिऱ्हाईक. उधारीवर कापड नेई, कापसाचे पैसे आले की खाते चुकते करी आणि वहीत अंगठा उठवी. एका वर्षी त्याने दिलेली रक्कम आमच्याकडून खात्यावर जमा करावयाची राहून गेली. पुढच्या खेपेस वहीत बाकी दिसली. ती त्याला सांगितल्यावर त्याने एक शब्दही न काढता पुन्हा पैसे मोजले. वहीत लिहिले आहे म्हणजे ते खरेच असणार, असे त्याने मानले. दिवाळीत वहीपूजनाच्या आधी हिशेब जुळविताना चूक ध्यानात आली. वडील दुसऱ्याच दिवशी त्याच्या गावी गेले, रक्कम परत केली आणि क्षमा मागितली. पुढच्या वर्षी तो आला तेव्हा सोबत शाळेत जाणारा नातू होता. नातवाने बोट ठेवून आजोबांचे सारे खाते मोठ्याने वाचले, बेरीज करून पाहिली आणि मान हलविली. तेव्हा त्या वृद्धाच्या चेहऱ्यावर जे समाधान पाहिले, त्याने मला पुढे बी.कॉम.च्या वर्गात शिकलेल्या साऱ्या हिशेबशास्त्राहून अधिक शिकविले. आमच्या हातून चूक अनवधानाने झाली होती. पण ज्यांच्या वहीत अशा चुका जाणूनबुजून होत असतील, त्यांच्या गिऱ्हाइकांचे काय होत असेल? भाऊरावांनी नांगर विकताना गावोगाव ऐकले ते हेच.

कमवा आणि शिका

भाऊरावांचे शिक्षण फुकटाचे नव्हते आणि विकतचेही नव्हते. गरीब मुलाने शिक्षणासाठी कोणापुढे हात पसरू नये आणि पैसा नाही म्हणून शिक्षणही सोडू नये, यासाठी त्यांनी स्वावलंबनाची वाट दाखविली. मुलांनी शेतात राबावे, खडी फोडावी, बांधकामावर काम करावे, वसतिगृहातील स्वयंपाक आणि झाडलोट स्वतः करावी आणि शिकावे. कमवा आणि शिका या नावाने ही योजना सर्वतोमुखी झाली. सन १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावे विनाशुल्क निवासी हायस्कूल सुरू झाले. श्रमण हा शब्दच श्रमावरून आला आहे, याचा विसर आपल्यासारख्या गादीवर बसणाऱ्यांना पडू शकतो. भाऊरावांना तो कधी पडला नाही.

या योजनेतून घडलेल्या विद्यार्थ्यांत बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचे नाव ठळक आहे. गरिबीतून वसतिगृहात आलेला हा मुलगा विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाला, परत येऊन संस्थेच्या सेवेत राहिला आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, १९४७ च्या जूनमध्ये, साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. महात्माजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. मात्र त्याच सुमारास शासनाशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान बंद पडले. शिक्षकांचे पगार द्यावयास पैसा नव्हता. तरीही शाळा बंद पडू दिल्या नाहीत. गावोगावच्या लोकांनी धान्य आणि वर्गणी दिली. अखेर संत गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पूर्ववत झाले. स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या गाडगेबाबांना शिक्षणाचे मोल किती कळले होते! १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या कॉलेजला त्यांचेच नाव देण्यात आले.

मानसन्मान आणि अखेर

जनतेने त्यांना कर्मवीर ही पदवी फार पूर्वीच बहाल केली होती. सन १९५९ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला आणि पुणे विद्यापीठाने सन्मान्य डी.लिट्. ही पदवी दिली. शालान्त परीक्षेने ज्यांना नाकारले त्यांना विद्यापीठाने असे सन्मानित केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ९ मे १९५९ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. सातारा येथे त्यांची समाधी आहे.

वटवृक्ष हे रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह आहे. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि त्यांचेच खोड होते. आज संस्थेच्या सातशेच्या वर शाखा आहेत आणि तिचे लक्षावधी विद्यार्थी आहेत. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या घरात होती. तेथून महाराष्ट्र आज जेथे येऊन पोहोचला आहे, त्या प्रवासात या वडाच्या सावलीचा वाटा मोठा आहे.

आपल्यापुरते

ट्रस्टच्या पन्नास वर्षांचा लेखाजोखा मांडताना जमाखर्चाच्या दोन्ही बाजू पाहाव्यात, हा आपला व्यापारी धर्म आहे. मंदिराचा जीर्णोद्धार, भोजनशाळा, चातुर्मासाची व्यवस्था, साधर्मिकांना साहाय्य या जमेच्या बाजू या स्मरणिकेत इतरांनी लिहिल्या आहेतच. मी दुसऱ्या बाजूची एकच नोंद करू इच्छितो.

आपल्यात निरक्षर कोणी राहिलेले नाही. आपली मुले इंग्रजी शाळांत शिकतात, संगणक चालवितात, परदेशी जातात. पण मराठीतील पूजेचे पुस्तक किंवा आजोबांचे पत्र त्यांच्या हाती दिले तर अक्षरे जुळवीत जुळवीत वाचतात. माझी नातवंडे याला अपवाद नाहीत, आणि याचा दोष त्यांच्याकडे नसून आमच्याकडे आहे. श्रवणबेळगोळ येथे गोम्मटेश्वर बाहुबलींच्या चरणांशी कोरलेला लेख मराठीतील अतिप्राचीन शिलालेखांत गणला जातो. ज्या भाषेची आरंभीची अक्षरे आपल्या तीर्थावर कोरली गेली, ती वाचण्यास आपल्याच घरात कोणी उरू नये, यासारखी खंत नाही. प्रवचन ऐकण्यास आपण मोठ्या संख्येने बसतो. पृच्छना करणारे, वाचना करणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके.

दुसरीकडे, आपल्याच दुकानांत काम करणाऱ्या नोकरांची, हमालांची, घरी येणाऱ्या मावशींची मुले आहेत. शाळेत जातात, पण अभ्यासाला जागा नाही, घरी विचारावयास कोणी नाही. मंदिराच्या आवारातील आपला सभागृह संध्याकाळी सहा ते आठ रिकामाच असतो. तेथे दोन सतरंज्या, एक फळा आणि पुस्तकांचे एक कपाट एवढ्याने सुरुवात होऊ शकेल. आपली मुले आणि ती मुले एकत्र बसोत. आपल्या मुलांनी त्यांना इंग्रजी वाचून दाखवावे, त्यांनी आपल्या मुलांना मराठी. आपल्यापैकी निवृत्त शिक्षक आणि व्यवसायातून मोकळे झालेले माझ्यासारखे लोक आळीपाळीने बसू शकतील. वेरूळच्या लेण्यांच्या पायथ्याशी आपल्या समाजाचे गुरुकुल आहे, आणि त्यामागे प.पू. समंतभद्र महाराजांची प्रेरणा आहे. आपल्याला नवे काही शोधावयाचे नाही, पूर्वजांनी दाखविलेल्या वाटेवर थोडे पुढे जावयाचे आहे. मात्र दारात येणाऱ्याची जात विचारावयाची नाही, ही एक अट. ती चूक एकदा कोल्हापुरात होऊन गेली आहे.

या सूचनेस विश्वस्त मंडळाने अनुमती दिली तर पहिल्या वर्षाचा पुस्तकांचा आणि कपाटाचा खर्च उचलण्याची माझी तयारी आहे. पुढच्या श्रुतपंचमीला वेष्टनासाठी कापड न्यावयास जे येतील, त्यांना मी कापड अवश्य देईन. पण आधीचे वेष्टन किती वेळा सोडले, हेही विचारीन.

कर्मवीर भाऊराव पाटील आणि रयतमाउली लक्ष्मीबाई यांच्या पुण्यस्मृतीस सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी कोटी कोटी प्रणाम.

जय जिनेंद्र!